काट्याची साक्ष

तार्तूत फेब्रुवारीमध्ये नदी गोठलेली असते
आणि वर्कशॉपच्या खिडकीला, आतल्या बाजूने,
बोटभर जाडीची बर्फाची रेघ.
टेबलावर सर्किट उघडं पडलेलं,
दलदलीच्या पाण्याचा आंबटपणा मोजायचं.
काचेच्या इलेक्ट्रोडमधून येणारं व्होल्टेज
इतकं अशक्त, की कुणी टेकायला गेलं
तरी बसकण मारेल.

चार दिवस आकडा ठरत नव्हता.
शेवटचे तीन अंक तर
तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबांसारखे.

आम्ही अँप्लिफायर बदलला.
बोर्ड स्पिरिटनं धुतला, हेअर ड्रायरनं वाळवला.
फ्रीज बंद केला, त्यातले हेरिंग मासे
पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगले.
ट्यूबलाइट घालवून टॉर्चच्या उजेडात बसलो.
दोन कपॅसिटर उपटले,
चोर सोडून संन्याशाला फाशी.
वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यावरही संशय घेतला;
"तुमचं ड्रिल किती वाजता चालतं?"
असं मी खरंच विचारून आले.

मीटरवर कोण संशय घेणार?
साडेसहा अंकी, बेंचवर ऐसपैस बसलेला,
पाठीवर कॅलिब्रेशनचा ताजा शिक्का.
बोलताना सगळे त्याच्याकडेच बघायचे.
तासातासाला प्रीडिक दारातून डोकवायचा,
"स्थिरावलं का?"
आणि डाख देताना हेल्यूंचा हात
किंचित हलायचा.

पाचव्या दिवशी हेल्यूंनी माळ्यावरून
एक जुना इलेक्ट्रोमीटर काढला.
बॅटरीवरचा, काट्याचा,
तबकडीवर रशियन अक्षरं, पट्टा तुटलेला.
फुंकर मारली, त्याच जागी जोडला.
दोघे शेजारी शेजारी.

काटा उडत होता.
मीटरची वायर काढली.
काटा निजला.
लावली.
टिक. टिक. टिक.
ठेका धरून, एखाद्यानं
टेबलाखाली पाय हलवत बसावं तसा.

"स्वतःचं शून्य तपासतोय तो," हेल्यू म्हणाल्या.
प्रत्येक मोजणीआधी आतला एक स्विच
उघडतो, मिटतो, आणि मिटताना
चिमूटभर वीज आमच्या सर्किटच्या तोंडात सोडतो.
दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.
नदीत मूठभर मीठ टाकलं, नदीला काय त्याचं?
पण इथे भांडंच शिंपल्याएवढं.

मी बटण दाबून मीटर बंद केला.
टिकटिक थांबली. काटा मात्र
असायला हवा त्याच्या केसभर उजवीकडे.
"बंद नाहीये," त्या म्हणाल्या,
"डोळे मिटून पडलाय नुसता."
आणि गुडघे धरत, कण्हत, टेबलाखाली वाकून
त्यांनी भिंतीतला प्लग उपटला.

केसभर अंतर भरलं.
त्या तशाच खाली बसून राहिल्या जरा वेळ,
हातात प्लग, मांजराची शेपटी धरावी तसा.
मला वाटलं आता मीटरला दोन शिव्या देतील.
"चार दिवस," एवढंच म्हणाल्या,
"चार दिवस मी त्यालाच विचारत होते
काय बिघडलंय म्हणून."

मीटर आम्ही टाकला नाही.
मध्ये एक छोटा बफर बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर,
आता मीटरनं काय धक्के द्यायचे ते त्याला द्यावेत.
आपोआप शून्य बंद केलं.
वहीत त्यांच्या तिरप्या अक्षरात नोंद आहे:
शून्य सकाळी, हातानं, एकदाच.

संध्याकाळी दार किलकिलं झालं.
"स्थिरावलं का?"
"तू गेलास की बघते," हेल्यू म्हणाल्या,
वर न बघता.

मग मला मासे आठवले.
खिडकी उघडली तर दोरी होती,
पिशवीचा एक कोपरा होता,
आणि समोरच्या छपरावर
कावळा, अगदी स्थिर.